टोपीची पिन आणि आमची मोटार

जुनी मोटार सुरू होईनाशी झाली की आधी सल्ले सुरू होतात. १९८६ सालच्या मार्चमध्ये, मुलीच्या दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी, आमच्या मोटारीने असेच मौन धरले. सेल्फ मारला की नुसते 'टक्'! मुलगी मागच्या सीटवर समास पुटपुटत रडकुंडीला आलेली. वरच्या अण्णांनी कार्ब्युरेटर खोलायला सांगितला, शेजारच्या नानांनी प्लग काढायला आणि वॉचमनने मोटार विकायला.

वास्तविक या दुखण्यावरचे उपचार एका बाईने १८८८ सालीच करून दाखवले होते. बर्था बेंझ तिचे नाव. मोटारीचे पेटंट १८८६ साली निघाले ते नवऱ्याच्या, कार्लच्या नावाने. पण तिच्या हुंड्याचा पैसा लग्नाआधीच त्याच्या धंद्यात गेला होता! मोटारीला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा ऑगस्टातल्या एका पहाटे, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन बाई मोटारीने मानहाइमहून माहेरी, फोर्ट्झहाइमला निघाल्या. शंभरावर किलोमीटर! वाटेत इंधनाची नळी तुंबली. बाईंनी टोपीची पिन घालून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण गेले. मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपले, ते औषधाच्या दुकानातून घेतले.

मोटारीचे मागणे तेव्हाही एवढेच होते: इंधन, ठिणगी आणि इंजिनाला पहिला फेरा देणारे कोणीतरी. बेंझच्या मोटारीत ते चाक हाताने फिरवावे लागे. पुढे हँडल आले. ते उलटे फिरले की मनगट मोडे. १९१२च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला; मनगटे वाचली आणि काळजी बॅटरीकडे गेली. म्हणून निदानाचा क्रम सोपा आहे. इंजिन गरगर फिरते पण पेटत नाही, तर ठिणगी आणि पेट्रोल पाहावे. फिरतच नाही, तर आधी बॅटरी.

हे शहाणपण आजचे. त्या सकाळी मी बाह्या सरसावून कार्ब्युरेटरसाठी पाना शोधत होतो. तेवढ्यात सौ. किटली घेऊन खाली आली. मला वाटले, चहा.

"अहो, हॉर्न वाजवा बघू."

हॉर्न नुसता कण्हला. तिने बॉनेटखाली बोट दाखवले. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती. तिने माझ्याकडून वायरी सोडवून घेतल्या, किटलीतले गरम पाणी ओतले, केसातल्या आकड्याने उरलेली भुकटी खरवडली आणि म्हणाली, "आता पुसून घट्ट आवळा."

सेल्फ मारला. मोटार अशी गरजली की अण्णा दोन पावले मागे सरले.

"तुला गं कसं कळलं?"

"वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसतेय. मेकॅनिक काय करतो ते बघतेय. तुम्ही विचारलंत कधी?"

पेपर वेळेवर गाठला. परतताना किल्ली मी मुकाट्याने तिच्या हाती दिली.