मधला बुश

वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्या भावाला धंतोलीचं घर मिळालं आणि मला वडिलांची अँबॅसडर. आईची वाटणी कुणी मागितली नाही. ती पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे राही आणि एकाचे निरोप दुसऱ्याला, जरा गोड करून, सांगे. कारण आम्ही दोघे बोलत नव्हतो.

त्याच सुमारास गाडी किंचाळू लागली. किंचाळणं मोठं शिस्तीचं. धावताना अगदी गरीब गाय. पण सिग्नलला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबला की असा काही टाहो फोडी, की शेजारचे स्कूटरवाले माझ्याकडे संशयाने बघत. एका मिस्त्रीने क्लचचं बेअरिंग बदललं आणि बिल दिलं. त्यानंतर गाडीसोबत मीही किंचाळू लागलो.

दुसरा मिस्त्री सदरमधला, म्हातारा. त्याने नुसतं ऐकलं. "काऊन घाबरून राह्यले भाऊ? पायलट बुश गेला. अधिवेशनाच्या गाड्या करू करू केस पिकले आपले."

खोटं नव्हतं. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षाला एक अधिवेशन नागपुरास ठरलं आणि १९६० पासून हिवाळ्यात सरकार इकडे येऊ लागलं. पुढे कितीतरी वर्षे त्याच्या मागोमाग पांढऱ्या अँबॅसडरींचा थवा उतरे.

पण पायलट बुश ही चीज बी. कॉम. ला नव्हती. म्हणून थोडा इतिहास वाचला. फ्रान्समध्ये डाइमलर इंजिनाचे हक्क एदुआर साराझँ याच्याकडे होते. तो १८८७ मध्ये वारला. त्याची विधवा लुईझ हिच्याशी एमिल लेव्हासॉरने १८९० मध्ये लग्न केलं, आणि नवरीबरोबर इंजिनही सासरी आलं. १८९१ मध्ये लेव्हासॉरने ते गाडीत पुढे बसवलं, मागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स आणि ताकद मागच्या चाकांना. जगाने हीच मांडणी उचलली. इंग्लंडची १९५६ ची मॉरिस ऑक्सफर्ड तशीच, आणि तिची बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत बनलेली लेक, आपली अँबॅसडर, तीही तशीच.

आता इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत ठेवायचे, तर गिअरबॉक्सच्या दांड्याच्या टोकाला टेकू हवा. तो टेकू म्हणजे इंजिनाच्या क्रँकच्या शेपटीत बसवलेला हा छोटासा पितळी बुश. क्लच सोडला की दोघे एकाच वेगाने फिरतात, बुशला काही काम नाही. क्लच दाबला की इंजिन फिरत राहतं, गिअरमधला दांडा थांबतो, आणि दोघांमधलं घर्षण मुकाट्याने हा सोसतो. सलोखा असला की रिकामा, बिनसलं की झिजणारा!

तो काढायचा कसा? भोक मागून बंद, पकडायला जागा नाही. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, भोकात ठासून ग्रीस भरलं, नेमका बसणारा रॉड घातला आणि हातोडा हाणला. ग्रीस दबेना. त्याने चहूकडे जोर केला आणि बुशला मागून ढकललं. चौथ्या घावाला तो बाहेर! सतराव्या शतकात पास्कलने द्रवाच्या दाबाचा नियम मांडला. सदरमध्ये तो हातोड्याने सिद्ध होतो.

नवा बुश रात्रभर इंजिन ऑइलच्या वाटीत बुडवला. त्याच्या अंगात बारीक छिद्रं असतात, ती तेल पितात आणि पुढे जन्मभर पुरवून वापरतात. "याले ग्रीस लावाचं नाई," मिस्त्री म्हणाला, "छिद्रं बुजतात." सकाळी त्याने तो हळूच ठोकून बसवला, जुन्या दांड्याने क्लचप्लेट मध्यावर आणली आणि सगळं परत चढवलं. बुशची किंमत चहाच्या चार कटांएवढी, मजुरी मात्र मोठी. मधल्या माणसाचं मोल असंच ठरतं. बँकेच्या काउंटरवर बसून मला हे ठाऊक होतं.

जुना बुश मी घरी आणला. आईने तो हातात घेऊन आतून बोट फिरवलं.

"चांगलाच झिजला रे," ती म्हणाली आणि देवघरात गेली.

मी बराच वेळ बसून राहिलो. मग धंतोलीला फोन लावला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग भाऊ म्हणाला, "दादा, गाडीचा बुश बसला का नीट?"

त्याला हे कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही.