अन्ननलिकेच्या अस्तराचा वाद

जेवणानंतर छातीच्या मध्यभागी जळजळ होणे, आंबट पाणी घशाशी येणे, रात्री आडवे पडताच ठसका लागून उठून बसावे लागणे, हा अनुभव इतक्या घरांत इतका परिचित आहे की त्याला रोग म्हणावयास कोणी सहसा तयार होत नाही. ‘पित्त झाले’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. परंतु या साध्या तक्रारीला मोठा इतिहास आहे, आणि त्यातील एक प्रकरण तर एका नामांकित शस्त्रवैद्याने केलेल्या चुकीभोवती फिरते.

आपल्याकडील वैद्यांना ही व्यथा अपरिचित नव्हती. माधवकराच्या ‘माधवनिदाना’त अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण असून, वर उसळणारे ते ऊर्ध्वग आणि खाली जाणारे ते अधोग, असे त्याचे दोन भेद केलेले आहेत. युरोपात विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने जठरातील आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हे 1823 साली सिद्ध केले. असे जहाल आम्ल जठराच्या अस्तराला सोसते. अन्ननलिकेच्या नाजूक, चपट्या पेशींच्या अस्तराला ते सोसत नाही. दोहोंच्या सीमेवर स्नायूंचे जे आवळते कडे असते ते सैल पडले, किंवा जठराचा वरचा भाग मध्यपटलाच्या छिद्रातून छातीत सरकला, की आम्ल उलट वर चढू लागते. कारण इतके सरळ असूनही ते ध्यानात यावयास फार काळ लागला. बॉस्टनच्या वाइल्डर टाइल्स्टन यांनी अन्ननलिकेतील व्रणांचे वर्णन 1906 साली केले. पण जठररसाने अन्ननलिकेला होणारा दाह ही एक स्वतंत्र व्याधी आहे, असे न्यूयॉर्कच्या ॲशर विंकेलस्टाइन यांनी ठामपणे मांडले ते 1935 साली.

यानंतर रंगभूमीवर येतात ते नॉर्मन रूपर्ट बॅरेट. 1903 साली ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षण ईटन व केंब्रिज येथे, आणि पुढील कर्तृत्व लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात. फाटलेली अन्ननलिका वेळेवर शिवून रुग्णाला जगविणाऱ्या पहिल्या शस्त्रवैद्यांत, 1947 साली, त्यांची गणना झाली. अशा अधिकारी पुरुषाने 1950 साली अन्ननलिकेच्या जुनाट व्रणांवर निबंध लिहिला. काही रुग्णांच्या छातीतील नळीला खालच्या बाजूस चपट्या पेशींऐवजी जठरासारख्या उंच, स्तंभाकार पेशींचे अस्तर आढळत होते, आणि व्रणही तेथेच होते. बॅरेट यांनी निवाडा दिला की ही अन्ननलिका नव्हेच! अन्ननलिका म्हणजे चपट्या पेशींचे अस्तर असलेला भाग. तिच्याखाली दिसते ते, जन्मतः आखूड राहिलेल्या अन्ननलिकेने छातीत ओढून घेतलेले जठर होय.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. ते जठर असेल, तर दोष जन्माचा आणि व्रण जठराचा. ती अन्ननलिका असेल, तर तिचे अस्तर बदलले कसे, हा प्रश्न उभा राहतो.

उत्तर आले लीड्सहून. फिलिप ॲलिसन व ॲलन जॉन्स्टन यांनी 1953 साली दाखविले, की या नळीवर जठराला असते तसे उदरपटलाचे आवरण नाही. तिचे स्नायू अन्ननलिकेचे आहेत, ग्रंथी अन्ननलिकेच्या आहेत, आणि मधूनमधून चपट्या पेशींची बेटेही आहेत. म्हणजे घर अन्ननलिकेचेच. बदलला आहे तो केवळ आतला गिलावा. अशा व्रणांना त्यांनीच ‘बॅरेटचे व्रण’ म्हटले. विशेष असे, की ज्या निबंधाने बॅरेट यांचे मत खोडले त्याच निबंधाने त्यांचे नाव या विकाराला कायमचे चिकटविले. 1957 साली बॅरेट यांनी आपले पूर्वीचे मत सोडून हा भाग अन्ननलिकेचाच असल्याचे लिहून मान्य केले. प्रतिष्ठेच्या शिखरावर असलेल्या माणसाला हे सोपे नसते.

मात्र हे अस्तर जन्मजात असावे, ही समजूत दोन्ही पक्षांनी सोडली नव्हती. ती 1970 साली कुत्र्यांवरील प्रयोगांनी ढासळली. अन्ननलिकेचे अस्तर खरवडून आम्ल वर चढू दिले, तर भरून येणारे नवे अस्तर स्तंभाकार पेशींचे येते, असे दिसले. वारंवार भाजल्या जाणाऱ्या शरीराने केलेली ही तडजोड होती, आणि तिची किंमत मोजावी लागते. स्वित्झर्लंडमधील नेफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 साली अशा 140 रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी 12 जणांना कर्करोग होता. रुग्णाच्या दृष्टीने यात एक फसवणूकही आहे. नवे अस्तर आम्लाला अधिक सोशीक असल्यामुळे कित्येकांची जळजळ कमी होते, आणि नेमके तेव्हाच ‘बरे वाटू लागले’ म्हणून तपासणी टळते.

पण भयही वाजवीपेक्षा मोठे झाले होते. रुग्णालयात पोहोचलेले ते 140 जण आधीच जर्जर झालेले असणार. डेन्मार्कमधील सर्व रुग्णांच्या नोंदी चाळून 2011 साली निघालेला आकडा वर्षाला 0.12 टक्के, म्हणजे हजारांमागे साधारण एक, एवढाच आहे. भारतात अन्ननलिकेचा जो कर्करोग अधिक आढळतो तो बहुतांशी चपट्या पेशींचा, तंबाखू व मद्य यांच्याशी निगडित असलेला; त्याची वाट निराळी.

उपचारांची कथा त्या मानाने थोडक्यात सांगता येते. प्रारंभी दर तासाला दूध व क्षार देत. त्याच्या अतिरेकाने रक्तातील चुना वाढून मूत्रपिंडे बिघडत. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले रुडॉल्फ निसेन यांनी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती मफलरासारखा गुंडाळण्याची शस्त्रक्रिया 1956 साली प्रसिद्ध केली. बेसिल हिर्शोविट्झ यांनी 1957 साली काचतंतूंची लवचीक दुर्बीण प्रथम स्वतःच गिळून पाहिली. तिच्यामुळे अस्तराचा तुकडा काढून तपासणे सुलभ झाले. 1976 साली सिमेटिडीन, 1988 साली ओमेप्राझोल आले, आणि आम्लाचा उगमच रोखता येऊ लागला. तथापि बदललेले अस्तर गोळ्यांनी सहसा पूर्ववत होत नाही. पेशींत विकृती दिसू लागल्यास ते उष्णतेने जाळून काढता येते, व त्याजागी पुन्हा चपट्या पेशी उगवतात, हे 2009 साली अमेरिकेतील चाचणीत दिसून आले.

विकृती नसलेल्या रुग्णाच्या वाट्याला मात्र प्रतीक्षाच येते. रात्रीचे जेवण लवकर आणि बेताचे घ्यावयाचे. पोटाचा घेर व तंबाखू कमी करावयाची. खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून आम्लाला चढ चढावयास लावावयाचा. आणि तीन ते पाच वर्षांनी दुर्बीण पुन्हा गिळावयाची. केंब्रिजमध्ये रिबेका फिट्झजेराल्ड यांच्या चमूने ही पहिली तपासणी सोपी करण्याचा मार्ग शोधला आहे. दोरी बांधलेली एक गोळी रुग्णाने गिळावयाची. पोटात तिचे आवरण विरघळून आतील स्पंज फुलतो, आणि वर ओढताना अन्ननलिकेच्या पेशी टिपून आणतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना आपले अस्तर बदलल्याची कल्पनाही नव्हती असे कितीतरी लोक या स्पंजाने शोधून काढले.