संसदीय लोकशाहीची साम्यवादी चिकित्सा : अहमदनगर जिल्ह्यातील अनुभव

संसदीय संस्था सर्व नागरिकांना समान मताधिकार देत असल्या, तरी प्रत्यक्ष राज्ययंत्रणा मालमत्ताधारी वर्गाच्या आणि त्यातही मोठ्या कंपन्यांच्या हितासाठी राबते, असे प्रतिपादन करणारी साम्यवादी विचारधारा. महाराष्ट्रात या विचाराची मांडणी प्रामुख्याने मुंबईच्या गिरणगावात झाली असा समज आहे व तो बराचसा खरा आहे. तथापि कंपनी, सरकार आणि मतदार यांचे परस्परसंबंध ग्रामीण भागात उघडपणे पाहावयाचे झाल्यास अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच आढळेल. येथील वादाचा विषय कापडगिरणी हा नसून ऊस, पाटपाणी आणि खंडाने दिलेली जमीन हा होता.

या टीकेचे मूळ सूत्र मार्क्स व एंगेल्स यांच्या १८४८ च्या जाहीरनाम्यात आहे. आधुनिक शासनसंस्था ही भांडवलदारवर्गाचे सामाईक व्यवहार पाहणारी समिती होय, असा त्यांच्या विवेचनाचा आशय. लेनिनने १९१७ मध्ये शासनसंस्थेवरील ग्रंथात हा विचार टोकास नेला; मात्र १९२० मध्ये त्यानेच अतिरेकी डाव्यांना उद्देशून संसदेवर बहिष्कार घालणे चूक असल्याचे बजावले. संसदेत शिरावयाचे, पण तिच्यावर विश्वास ठेवावयाचा नाही, ही दुहेरी भूमिका पुढे भारतीय साम्यवाद्यांच्याही वाट्यास आली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात सशस्त्र उठावाचा मार्ग पत्करला, १९५१ मध्ये तो सोडला, पहिली सार्वत्रिक निवडणूक लढविली आणि १९५८ च्या अमृतसर अधिवेशनात शांततामय संक्रमणाची शक्यता मान्य केली. केरळातील निर्वाचित साम्यवादी मंत्रिमंडळ १९५९ मध्ये केंद्राने बरखास्त केल्यावर जुना संशय पुन्हा बळावला.

अहमदनगर जिल्ह्याचा उत्तर भाग विसाव्या शतकाच्या आरंभी दुष्काळी होता. दारणा धरणावर आधारलेले गोदावरी कालवे आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण यांमुळे कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर व राहुरी या परिसरात पाटाचे पाणी आले. दुष्काळनिवारण हा कालव्यांचा हेतू. परंतु कर्जात बुडालेल्या कुणब्याजवळ बागाईत करण्यास भांडवल नव्हते आणि पाणीपट्टीची वसुली तर व्हावयास हवी होती. या पेचातून कंपन्यांचा प्रवेश झाला. हरिगाव येथील बेलापूर कंपनी ही त्यांतील आद्य होय. साखरधंद्यास १९३२ च्या कायद्याने जकातीचे संरक्षण लाभल्यानंतर टिळकनगर, चांगदेवनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी येथे कारखाने उभे राहिले. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी दीर्घ मुदतीच्या, नाममात्र खंडाने घेतल्या. मूळ मालक ‘खंडकरी’ झाला आणि पुष्कळदा आपल्याच शेतात रोजंदारीने राबू लागला. धरण सरकारी पैशाने झाले, जकात सरकारने बसविली आणि नफा कंपनीकडे गेला. साम्यवादी प्रचारकास याहून सोपा धडा शोधावा लागला नसता.

या जिल्ह्यातील डाव्या चळवळीत भारतीय कम्युनिस्ट पक्षाबरोबरच नवजीवन संघटनेतून निघालेल्या मार्क्सवादी गटाचे स्थान मोठे आहे. हा गट प्रथम शेतकरी कामगार पक्षात होता. १९५१-५२ च्या सुमारास त्यातून कामगार किसान पक्ष निर्माण झाला व पुढे त्याचीच परिणती लाल निशाण पक्षात झाली. संगमनेरचे दत्ता देशमुख हे या गटाचे प्रमुख नेते. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेबरोबर ते विधानसभेत गेले व याच पक्षाचे र. के. खाडिलकर अहमदनगरमधून लोकसभेवर निवडून आले. मतपेटीने प्रस्थापितांना हादरा देता येतो, याचा तो प्रत्यय होता.

योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे टाटा आयर्न अँड स्टील कंपनीचे एक प्रकरण आले. राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या संस्थापन-समयलेखात दुरुस्ती करण्याची अनुमती कंपनीने मागितली होती. मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी कायद्याच्या चौकटीत ती अनुमती दिली. पण अशा देणग्यांपासून लोकशाहीस संभवणाऱ्या धोक्याकडे संसदेचे लक्षही वेधले. छागला हे साम्यवादी नव्हते, उदारमतवादी होते; म्हणूनच त्यांचा इशारा अधिक लक्षणीय ठरतो. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर १९६९ मध्ये बंदी आली, १९८५ मध्ये ती उठविण्यात येऊन सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली, २०१३ च्या कायद्याने ती साडेसात टक्के झाली आणि २०१७ मध्ये मर्यादाच काढून टाकण्यात आली.

जिल्ह्यातील साम्यवादी टीकेची खरी कसोटी मात्र जमिनीच्या प्रश्नावर लागली. महाराष्ट्र शेतजमीन (धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ हा कायदा कंपन्यांच्या जमिनींनाही लागू झाला आणि त्यांची बागाईत शेती सरकारजमा झाली. लोकनियुक्त विधिमंडळाने कंपन्यांची जमीन काढून घ्यावी, ही घटना विधिमंडळ भांडवलदारांचे बटीक असल्याच्या सिद्धांतात सहज बसत नाही. परंतु त्याच कायद्याच्या २८ व्या कलमाने ही जमीन सलग राहावी व कारखान्यांचा ऊसपुरवठा अबाधित राहावा अशी तरतूद केली होती. तदनुसार १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. कंपनीच्या जागी महामंडळ आले. खंडकरी जेथे होता तेथेच राहिला. कायदा झाला, पण त्याचा गाभा कारखान्याच्या सोयीने ठरला, असा डाव्यांचा आक्षेप होता आणि कलमाची शब्दयोजना पाहता तो नाकारणे कठीण आहे. खंडकऱ्यांना जमीन देण्यासाठी पुढे दुरुस्त्या झाल्या. त्यांना कंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिले व गोदावरी शुगर मिल्सचे प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मनमाडचे कम्युनिस्ट नेते माधवराव गायकवाड यांनी खंडकऱ्यांचा हा लढा अनेक दशके रस्त्यावर आणि विधिमंडळात चालविला. जमिनी प्रत्यक्ष परत देण्यास २०१२ मध्ये प्रारंभ झाला. तोवर खंडपत्रावर अंगठा उठविणारी पिढी हयात नव्हती. वारसांच्या नोंदी लावण्यातच कचेऱ्यांचा बराच काळ गेला.

दरम्यान जिल्ह्याचे सत्ताकारण बदलले होते. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि पाठोपाठ तालुक्यातालुक्यांत कारखाने निघाले. खाजगी कंपनीचा प्रभाव ओसरला. पण कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था व आमदारकी एका हाती येऊ लागली. साम्यवादी विश्लेषणाचा कमकुवतपणा येथे दिसतो. कंपनीच्या विरोधात शस्त्र परजून ठेवलेल्या या विश्लेषणाला सभासद-शेतकऱ्यांच्या मतांवर उभी राहिलेली आर्थिक सत्ता ओळखण्यास उशीर झाला. डाव्या चळवळीत घडलेली माणसेही या प्रवाहात सामावली गेली. खाडिलकर काँग्रेसमध्ये जाऊन १९६७ मध्ये लोकसभेचे उपाध्यक्ष व नंतर केंद्रीय मंत्री झाले. साम्यवादी चळवळीतून आलेले श्रीरामपूरचे अण्णासाहेब शिंदे १९६२ मध्ये काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले व हरितक्रांतीच्या काळात केंद्रात शेतीखात्याचे राज्यमंत्री होते. याला संधिसाधुपणा म्हणणे अन्यायाचे होईल. शिंदे यांचे शेतीविषयक कार्य भरीव आहे. संसदीय पद्धती विरोधकास पराभूत करण्यापेक्षा आत्मसात करते, या सिद्धांताचे उदाहरण म्हणून मात्र या दोन नावांकडे पाहता येते.

दत्ता देशमुख यांनी वेगळा मार्ग चोखाळला. त्यांनी टीकेचा रोख मालकीवरून पाण्याकडे वळविला. कालव्याचे पाणी बारमाही उसाला देणे म्हणजे सार्वजनिक खर्चाने निर्माण झालेली संपत्ती थोड्यांच्या स्वाधीन करणे होय, असे त्यांचे म्हणणे. वि. म. दांडेकर व देऊस्कर यांच्यासह ते ज्या शासकीय समितीवर होते, तिने १९७९ मध्ये कालव्यांवर आठमाही पाणीवाटपाचा पुरस्कार केला. म्हणजे साम्यवादी नेत्याने शासनाच्याच समितीत बसून शासनाच्या पक्षपातावर उपाय सुचविला. त्याची अंमलबजावणी धीमी व अपुरी राहिली. ऊसक्षेत्राचे लोकप्रतिनिधी विधिमंडळात प्रबळ होते, हे त्याचे मुख्य कारण म्हणावे लागेल.

या टीकेतील एक उणीव नोंदविली पाहिजे. संसदेऐवजी काय, या प्रश्नाला साम्यवाद्यांनी दिलेले सोव्हिएट उत्तर १९९१ पूर्वीच विश्वासार्ह राहिले नव्हते. तेथे एकपक्षीय सत्तेने कामगारांनाही मताचा अधिकार खऱ्या अर्थाने दिला नाही. यामुळे भारतातील साम्यवादी पक्ष हळूहळू संसदेचे टीकाकार कमी आणि तिच्या शुद्धीकरणाचे आग्रही अधिक बनले. निवडणूक रोख्यांच्या योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) हाही अर्जदार होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने ही योजना व तिच्याबरोबर कंपन्यांच्या अमर्याद देणग्यांची मुभा घटनाबाह्य ठरविली.

जिल्ह्यात डाव्यांचे निवडणुकीतील बळ नगण्य झाले असले, तरी अकोले तालुक्यात किसान सभेचे कार्य टिकून आहे. एप्रिल २०२३ मध्ये वनजमिनी, दूधदर इ. प्रश्नांवर किसान सभेने अकोले येथून मोर्चा काढला. त्याचे गंतव्य स्थान मंत्रालय नव्हते. तत्कालीन महसूलमंत्र्यांचे गाव लोणी, म्हणजे प्रवरा कारखान्याचा परिसर, हे होते. त्या वेळच्या विधानसभेत मार्क्सवादी पक्षाचा एकच सदस्य होता व तोही डहाणूचा. मोर्चा लोणीस पोहोचण्यापूर्वीच मंत्र्यांनी येऊन चर्चा केली व आश्वासने दिल्यावर तो स्थगित झाला.