साप, खेकडा आणि बदलापूर लोकल

ज्यांना ऐकायला वेळ नव्हता किंवा कर्जत फास्टमध्ये इअरफोन काढायलाही हात मोकळा नव्हता, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय.

सुरुवात एका व्हिडिओपासून. ऑगस्ट 2015. टेस्लाने काही सेकंदांची एक क्लिप टाकली. गाडी उभी आहे, शेजारून धातूचा एक लांबलचक हात सापासारखा वळवळत येतो, चार्जिंगचं झाकण शोधतो आणि स्वतःच प्लग लावतो. लोकांची पहिली रिअ‍ॅक्शन काय होती? 'ई, हे काय!' कोणाला साप दिसला, कोणाला ऑक्टोपस. मग जोक सुरू झाले. आणि शेवटी तो प्रश्न, जो मी स्वतःही मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता: प्लग लावायला रोबोट कशाला? हाताला काय झालंय?

आता सापावरून थेट आपल्या लाइनवर येऊया. कारण विजेवर चालणारं नवं यंत्र बघून त्याला प्राण्याचं नाव देणं, हे आपल्याकडे जवळजवळ नव्वद वर्षं आधी झालंय.

3 फेब्रुवारी 1925. बोरीबंदरहून कुर्ल्याला, हार्बर मार्गाने, भारतातली पहिली इलेक्ट्रिक ट्रेन निघाली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचं उद्घाटन केलं. 1500 व्होल्ट डीसी. त्यानंतर तारा पुढे सरकत गेल्या आणि 1929-30 च्या सुमारास कल्याण ते पुणे मार्गावर वीज आली. म्हणजे अंबरनाथ आणि बदलापूरवरून. उल्हासनगर तेव्हा नव्हतंच. तिथली लष्करी छावणीही अजून व्हायची होती. 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन सुरू झाली, तीही याच रुळांवरून.

त्या काळात आलेलं मालगाडीचं एक इंजिन होतं, डब्ल्यूसीजी-1. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांब नाकाडं, वळणावर अंग मोडत जाणारं. मूळ घराणं स्वित्झर्लंडचं. तिकडे असल्या इंजिनांना 'मगर' म्हणतात. आपल्याकडच्या रेल्वेवाल्यांनी नाव ठेवलं 'खेकडा'. उभं असलं की कण्हल्यासारखा आवाज काढायचं म्हणे!

आणि या इंजिनाच्या डोक्यावर काय होतं? पॅन्टोग्राफ. छतावरून उठणारा, तारेला जाऊन टेकणारा, तार वरखाली झाली तरी दाब धरून ठेवणारा हात. त्यात कॅमेरा नाही, एआय नाही, पण काम तेच: माणसाने वायरला हात न लावता गाडीला वीज मिळवून देणं. युरोपात आज कित्येक शहरांत इलेक्ट्रिक बस स्टॉपवर उभी राहते आणि असाच हात तिला चार्ज करतो. म्हणजे टेस्लाच्या सापाचा पणजोबा रोज आपल्या डोक्यावरून जातोय आणि आपण मान वर करून बघतही नाही.

मग लोकांना नव्या यंत्राची सवय होतेच, विषय संपला? नाही. इथेच खरी गोष्ट सुरू होते.

ऑगस्ट 2022. मध्य रेल्वेने 19 तारखेपासून 10 नव्या एसी फेऱ्या सुरू केल्या. आपोआप बंद होणारी दारं, गार हवा, सगळं छान. पण या फेऱ्या जादा नव्हत्या. साध्या लोकल काढून त्यांच्या जागी एसी आणल्या होत्या. कळव्यात प्रवासी रुळांवर उतरले. मग बदलापूर स्टेशनात लोक जमले आणि त्यांनी स्टेशन मास्तरांना जाब विचारला. 25 ऑगस्टपासून त्या दहाही फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या.

तेव्हा सोशल मीडियावर बरेच जण म्हणाले, 'या लोकांना सुधारणाच नको.' नीट बघा. कोणी एसीवर दगड मारत नव्हतं. सेकंड क्लासचा पास काढणाऱ्या माणसाची रोजची गाडी गेली होती आणि तिच्या जागी आलेल्या गाडीचा पास कित्येक पट महाग होता. त्याचं भांडण दाराशी नव्हतंच, गेलेल्या जागेशी होतं. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवासी गेले, त्यानंतर नव्या साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं लावायचं जाहीर झालं. दार हवंच. पण आज दारात लटकणारा माणूस उद्या आत मावणार कुठे, हा प्रश्न घाबरटपणाचा नाही, साध्या गणिताचा आहे.

आता हा चष्मा लावून चार्जिंग रोबोटकडे परत बघू. जुलै 2022 मध्ये फोर्डने जर्मनीत एक रोबोट चार्जर दाखवला, डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठाने त्यांच्यासाठी बनवलेला. गाडी लावायची, फोनवरून सांगायचं, कॅमेऱ्याच्या मदतीने हात येऊन प्लग लावतो. तो कोणासाठी होता? अपंग ड्रायव्हर्ससाठी. फास्ट चार्जरची केबल जाड आणि जड असते. व्हीलचेअरवरून ती ओढून लावणं म्हणजे रोजची लढाई. 'हाताला काय झालंय?' हा माझा जोक त्या क्षणी माझ्यावरच उलटला. काहींच्या हाताला खरंच काहीतरी झालेलं असतं.

पण हाच रोबोट उद्या उल्हासनगरच्या एखाद्या जुन्या बिल्डिंगखाली बसवायचा म्हटला तर? तिथे मुळात पार्किंगच नाही. अंबरनाथच्या सोसायटीत साधा चार्जिंग पॉइंट घ्यायचा तरी मीटर कोणाचा, वायर कुठून, एनओसी कोण देणार, यावर एक अख्खी मीटिंग जाते. दोन गाड्यांची जागा खाणारा रोबोट आला आणि रोजची स्कूटर बाहेर रस्त्यावर गेली, तर लोक ओरडणारच. मग पुन्हा कोणीतरी म्हणेल, यांना सुधारणा नको.

आम्ही कोड लिहिणारे लोक फीचर टाकतो आणि युजर चिडला की म्हणतो, सवय होईल. खेकड्याची सवय झाली, हे खरं. पण कोळसा टाकणाऱ्या फायरमनला त्या इंजिनात काम उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं. त्याने इंजिनाला काय नाव ठेवलं असेल?

म्हणून पुढच्या वेळी नव्या यंत्राचा व्हिडिओ आला आणि खाली लोक भांडताना दिसले, तर दोनच प्रश्न विचारा. हे कोणाच्या हाताला मदत करतंय? आणि हे कोणाच्या जागेवर बसतंय? साप की खेकडा, ते नंतर ठरवू.

तुमच्या घरात रेल्वेत काम केलेले आजोबा असतील, तर त्यांना 'खेकडा' म्हणून बघा आणि काय ऐकायला मिळतं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर दारात उभे असाल तर जरा आत सरका, मंडळी.