दिडकी आणि दिढी

पंतोजींच्या शाळेत आकडेमोडीला पायऱ्या होत्या. आधी अंकांची उजळणी, मग पाढे, त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. ही निव्वळ घोकंपट्टी, असा आक्षेप घेतला जातो. पण 40 शेरांच्या मणाला 5 रुपये भाव असेल, तर शेराला दोन आणे आणि सव्वा शेराला अडीच आणे, हे कागदाविना सांगणारी ती बाजारविद्याच होती. प्रश्न तिच्या उपयोगाचा नाही, ती कोणाच्या हाती होती याचा आहे. आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, म्हणजे जुन्या पश्चिम खानदेशाच्या एका भागात, पाढे दुकानात आणि सावकाराच्या चोपडीत होते. धान्य काढणारा भिल्ल सालदार त्या शाळेबाहेर. उसन्या धान्यावर सवाई-दिढी चाले. दिढीने घेतलेला एक मण पहिल्या हंगामाला दीड, दुसऱ्याला सव्वादोन आणि तिसऱ्याला 3 मण 15 शेर होई. दिडकीचा पाढा एकाची विद्या, तोच दुसऱ्याचा फास.

कोणी म्हणेल, कर्जाचे मूळ अडाणीपणात नव्हे, जमीन आणि सत्तेत होते. खरेच आहे, हिशेब कळला म्हणून भूक टळत नाही. म्हणूनच 1972 साली याच भागातल्या शहाद्यात उभी राहिलेली श्रमिक संघटना जमीन आणि मजुरीसाठी लढली. पण मजुरीची मागणीही शेवटी आकड्यातच मांडावी लागते. 1957 मध्ये दशमान नाणी आली, आण्यांचे पाढे मागे पडले. चोपडी स्वतः वाचता येण्याची गरज मात्र तशीच राहिली.