कलमांचे क्रमांक आणि मागच्या पानांतली परिशिष्टं

मंडळी, आज आपण एका रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे वळू. छापील दस्तऐवजातल्या कलमांना क्रमांक कसे पडतात, आणि परिशिष्ट शेवटी का जातं? उदाहरण घेऊ भारताच्या संविधानाचं.

क्रमांक दोन कामं करतो. तो क्रम सांगतो, आणि तो पत्ताही असतो. मसुदा चालू असेपर्यंत क्रम महत्त्वाचा. लाटेकसारख्या संगणकीय जुळणीत मध्ये नवा विभाग घातला की पुढचे सगळे क्रमांक आपोआप सरकतात; परिशिष्टाची आज्ञा दिली की आकडे थांबून अक्षरं सुरू होतात. संविधान सभेतही क्रमांक असेच सरकले, फक्त ते हातानं करावं लागलं. मसुद्यात ३१५ अनुच्छेद आणि ८ अनुसूची होत्या. अंतिम प्रतीत ३९५ अनुच्छेद झाले, अनुसूची ८च राहिल्या. अस्पृश्यता नष्ट करणारा मसुद्यातला ११वा अनुच्छेद शेवटी १७वा झाला. डॉ. आंबेडकरांनी ज्याला संविधानाचा आत्मा म्हटलं, तो मसुद्यातला २५वा. आज आपण त्याला ३२ म्हणून ओळखतो. म्हणून त्या वेळच्या चर्चा वाचताना आधी कोणता क्रमांक चालू आहे ते बघावं लागतं, नाहीतर भलत्याच कलमावरचं भाषण हाती येतं.

२६ नोव्हेंबर १९४९ला संविधान स्वीकारलं गेलं आणि हे सरकणं थांबलं. का? कारण आता निकालपत्रं, कायदे, अर्ज सगळे त्या क्रमांकावर बोट ठेवणार होते. घराचा नंबर बदलला तर पत्र पोचणार कसं? मग मध्ये काही घालायचं तर अक्षर जोडायचं. मूलभूत कर्तव्यं १९७६ साली आली ती ५१क होऊन. काढायचं तर जागा मोकळी ठेवायची. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीनं मालमत्तेचा अनुच्छेद ३१ गेला. पण ३१क, ३१ख मात्र राहिले. बाप गेला, मुलं त्याच नावानं नांदतायत, असं म्हणा ना!

कधी मोकळी जागा पुन्हा भरली जाते. मूळ अनुच्छेद २४३ हा १९५६ साली रद्द झाला. १९९२मध्ये पंचायती आणि नगरपालिका यांना तिथे जागा मिळाली: ७३व्या दुरुस्तीनं १६ अनुच्छेद, ७४व्यानं आणखी १८. इंग्रजी प्रतीत झेडपर्यंतची अक्षरं संपली, म्हणून पुढे दुहेरी अक्षरं घ्यावी लागली. आपल्या ग्रामपंचायतीचा घटनात्मक आधार अशा दाटीवाटीत राहतो. शेवटचा क्रमांक मात्र अजून ३९५च आहे.

आता परिशिष्ट. आपल्याला वाटतं, मागच्या पानांत गेलं ते दुय्यम. संविधानात तसं नाही. १९५१च्या पहिल्या दुरुस्तीनं अनुच्छेद ३१ख आणि नववी अनुसूची आली. अनुसूची म्हणजे काय, तर कायद्यांची नुसती यादी. पण त्या यादीत नाव आलं की मूलभूत हक्कांच्या आधारे त्या कायद्याला आव्हान देता येत नसे. सुरुवातीला १३ नोंदी होत्या, आणि दुसरी नोंद होती १९४८च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याची. म्हणजे आपला कुळकायदा! कसणाऱ्याची जमीन वाचवणारं कवच एका परिशिष्टातल्या ओळीत होतं.

पुढे यादी २८४ नोंदींपर्यंत वाढली. जमीन सुधारणेपलीकडचे कायदेही तिच्या आश्रयाला गेले. शेवटी २००७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं, की २४ एप्रिल १९७३नंतर यादीत घातलेले कायदे संविधानाच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. ही तारीख केशवानंद भारती निकालाची.

तेव्हा कुठलाही कायदा हाती घेतला, की आपण दोन गोष्टी बघू. कोणत्या क्रमांकाला अक्षराची शेपटी आहे? ती दिसली की समजावं, ते नंतर आलंय. केव्हा आणि कशासाठी, ते शोधावं. आणि मागची पानं न वाचता पुस्तक मिटू नये. कुळाचा हक्क तिथेच लिहिलेला असू शकतो.