विझलेल्या तबकड्या

आजोबांच्या मनगटी घड्याळाचे आकडे एके काळी अंधारात हिरवट चमकत. आता ते तपकिरी पडले आहेत. ते पुन्हा रंगवून घ्यावेत काय? मंडळी, त्या आकड्यांत काय भरले आहे, ते आधी पाहू.

१९६० पूर्वीच्या अशा बहुतेक घड्याळांच्या रंगात रेडियम व झिंक सल्फाइड असे. रेडियमच्या किरणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइड उजळते, आणि त्याच माऱ्याने काही वर्षांत निकामी होते. रेडियम मात्र निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. उजेड गेला, विष आहे तिथेच आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज गावी पहिल्या महायुद्धापासून मुली हे आकडे रंगवीत. मजुरी नगावर. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरायचा, ही शिकवण कारखान्याचीच. प्रयोगशाळेतले साहेब लोक मात्र तेच द्रव्य चिमट्याने उचलीत! मुलींचे जबडे सडले, हाडे मोडली. ग्रेस फ्रायर हिला वकील मिळायलाच दोन वर्षे लागली. १९२७ साली ती फिर्यादीला उभी राहिली, आणखी चौघी तिच्या जोडीला आल्या. १९२८ साली तडजोड झाली : प्रत्येकीला रोख १०,००० डॉलर व सालीना ६०० डॉलर. ग्रेस १९३३ साली वारली.

आज तो रंग खरवडला, तर धूळ जाईल ती कारागिराच्या छातीत. घड्याळाच्या मालकाच्या नव्हे. म्हणून मी म्हणतो, तबकडी आहे तशीच राहू द्या, काचही घरी उघडू नका. यंत्र दुरुस्तीला टाकाल, तेव्हा आकड्यांत रेडियम असेल, हे कारागिराला आधी सांगा.